देवीच्या पाठीतला तांदूळ

मूर्ती उचलली, तिच्या पाठीवर बोटाच्या पेरानं टिचकी मारली, आणि माझा हात तिथंच थांबला. आवाज बरोबर नव्हता.

पेणच्या माणसाला हा आवाज शिकवावा लागत नाही. आमचा गणपतीचा कारखाना. आप्पा, म्हणजे माझा बाप, रंगाला घ्यायच्या आधी प्रत्येक मूर्तीच्या पाठीवर टिचकी मारून ऐकायचा. पोकळ मूर्ती खणखणीत बोलते, तडा गेलेली फुटक्या मडक्यासारखी बोलते. ही तिसरंच काहीतरी बोलली, भरल्या डब्यासारखी मठ्ठ. मी ती कानाशी धरून हलवली तर आत काहीतरी सरसरलं.

"पुढची घे ना," लिन म्हणाली. "ट्रक येऊन उभा आहे."

लिन त्या कारखान्याची मालकीण. चाळिशीची, काटक, नवरा गेल्यावर सगळा पसारा एकटीनं ओढणारी. एरवी ती माझ्याशी डोळ्यात डोळे घालून भांडायची. आता मात्र माझ्याकडे न बघता खोक्यांच्या चिकटपट्टीकडे बघत बोलत होती.

"ह्यात काय आहे?"

"काय असणार? लाकडाचा भुसा राहिला असेल."

मी मूर्ती पालथी केली. तिच्या पाठीत काड्यापेटीएवढा खण होता आणि त्यावर घट्ट बसणारं लाकडी झाकण. नखानं निघेना, म्हणून किल्लीचं टोक घातलं. झाकण सुटलं आणि माझ्या तळहातावर तांदूळ सांडले. तांदूळ, चहाची दोनचार वाळकी पानं, आणि लाल दोऱ्याची एक गाठ.

तांदूळ बघून कुणाच्या तोंडचं पाणी पळावं असं त्यात काय आहे, असं तुम्ही म्हणाल. मूठभर तांदळासाठी कुणी घाबरतं का? मी घाबरले, आणि का ते सांगते.

मी तेव्हा चीनमध्ये माल तपासायची नोकरी करत होते. पुण्यात राहून चिनी भाषा शिकलेली, वय तिशीच्या आतलं, आणि जगात आपल्याला कुणी काही शिकवू नये असा माज. गोऱ्या देशातला दुकानदार शोभेच्या कोरीव वस्तूंची ऑर्डर देणार, चीनमधलं एखादं गाव त्या कोरणार, आणि माल नमुन्याबरहुकूम आहे की नाही ते बघून शिक्का मारणारी आमची कंपनी मधे. हे गाव झेजियांग प्रांतात, डोंगराच्या पायथ्याला. तिथं पिढ्यानपिढ्या कापराच्या झाडाचं लाकूड कोरतात. पहिल्यांदा त्या कारखान्यात पाऊल टाकलं तेव्हा मला आरतीचा वास आला होता, आणि उगाचच डोळे भरून आले होते. बरोबरच्या साहेबाला मी धूळ गेली म्हणून सांगितलं.

ऑर्डर ऑस्ट्रेलियाची. कागदावर वस्तूचं नाव 'ओरिएंटल लेडी, मध्यम आकार'. हातभर उंचीची बाई, हातात छोटा कलश, डोळे अर्धे उघडे. तिकडे ती कुणाच्या तरी दिवाणखान्यात टीव्हीशेजारी उभी राहणार होती. पण कारखान्यातल्या झाडूवालीलासुद्धा ठाऊक होतं की ही क्वानयिन आहे, करुणेची देवी. नाव बदललं म्हणून देव बदलतो थोडाच.

आता त्या देशाला बाहेरच्या धान्याचं भारी वावडं. बंदरावर एक दाणा जरी सापडला तरी अख्खा कंटेनर अडकणार. आणि आमच्या गिऱ्हाइकानं करारातच लिहून ठेवलं होतं की असं काही झालं तर माल परत पाठवत बसायचं नाही, तिथल्या तिथं जाळून टाकायचा. त्यानंतर लिनला कुणी ऑर्डर देणार नव्हतं. त्या कारखान्यात दुसरं गिऱ्हाईक नव्हतंच. आणि माझं म्हणाल तर साहेबानं मला पहिल्यांदाच एकटीला पाठवलं होतं. कंटेनरवर सही माझी.

"किती मूर्तींमध्ये आहे?" मी विचारलं.

लिननं शेडच्या टोकाकडे पाहिलं. "सगळ्या."

दोनशे मूर्ती होत्या. निम्म्या तर खोक्यांत जाऊन पट्ट्या लागल्या होत्या.

"कुणी भरलं?" असं विचारायची गरज नव्हती, तरी मी विचारलं. लिन ज्या टोकाकडे बघत होती तिथं शू शिफू बसले होते. शिफू म्हणजे उस्ताद. तिचे सासरे. सगळे कारागीर अंग कोरायचे, पण प्रत्येक देवीचा चेहरा आणि डोळे शेवटी म्हातारबाबांच्या हातून जायचे. हाडं आणि कातडी एवढाच माणूस, पण हात असा की लाकूड लोण्यासारखं सुटायचं. माझ्याशी ते फारसं बोलत नसत. फक्त दर खेपेला मी निघाले की दाराशी येऊन माझ्या पिशवीत उकडलेल्या शेंगा कोंबत. नको म्हटलं तरी ऐकत नसत. मी त्या हॉटेलवर जाऊन टाकून द्यायचे.

"मला आज सकाळी कळलं," लिन खालच्या आवाजात म्हणाली. "हे बघ. तू सगळ्या मूर्ती कुठं उघडतेस? नियमाप्रमाणं दहा काढून बघतेस. त्या दहा मी रिकाम्या करून तुझ्यासमोर ठेवते. बाकीचं तू ऐकलंच नाहीस."

"मी ऐकलंय."

"तिकडे तरी कोण उघडतंय? झाकण आहे हेसुद्धा कुणाला कळत नाही."

"तिकडचे खोकी हलवून बघतात, लिन. कुत्रे असतात त्यांच्याकडे. एक खोकं फुटून चार दाणे सांडले की संपलं. सगळ्या जाळतील."

तेवढ्यात माझा फोन वाजला. आमचे कॉलिनसाहेब. बंदराचं फाटक संध्याकाळी बंद होणार, जहाज थांबणार नाही, माल पास का नापास एवढंच सांग, म्हणाले. मी म्हटलं, तपासतेय. ते म्हणाले, अजून? मी म्हटलं, हो, अजून. आणि फोन बंद करून खिशात टाकला. नापास म्हणावं तर कारखाना बुडतो, पास म्हणावं तर देव्या जळतात आणि मीही घरी बसते. इकडे आड, तिकडे विहीर.

"उघडा सगळ्या," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. माणसं लावा. वेळ आहे अजून."

लिन क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला, जवळचं खोकं फाडलं, एक मूर्ती बाहेर ओढली आणि तिच्या पाठीच्या झाकणात टोक घातलं.

"ठेव," शेडच्या टोकाकडून आवाज आला.

फार मोठा आवाज नव्हता. पण करवती थांबल्या. शू शिफू उठून आमच्याकडे आले. त्यांच्या हातात कोरायचा लाकडी हातोडा तसाच राहिला होता. त्यांनी सुनेच्या हातातली मूर्ती काढून घेतली, उभी केली, आणि भरलेल्या खोक्यांच्या थप्पीसमोर एक स्टूल ओढून त्यावर बसले. एवढंच. भांडले नाहीत, काही नाहीत. पण आता त्यांना उचलून बाजूला केल्याशिवाय एकाही खोक्याला हात लावता येत नव्हता, आणि त्यांना हात लावायची त्या शेडमध्ये कुणाची छाती नव्हती.

"बाबा, ट्रक थांबणार नाही," लिन म्हणाली.

"नको थांबू दे."

"शिफू," मी पुढं झाले. त्यांची गावाकडची बोली मला अर्धीमुर्धी कळायची, अडलं की लिन सांगायची. "ही देवी नाही. ही शोभेची वस्तू आहे. कागदावर तसंच आहे."

"डोळे उघडलेत तिचे."

"नमुन्यात उघडे होते म्हणून उघडले."

"हो. आणि नमुन्यात पाठीला खण होता म्हणून खण ठेवला." त्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलं. "मी नाही मागितला. तुमच्या माणसांनी मागितला. मी पहिली मूर्ती सरळ पाठीची करून दिली होती. ती परत आली."

हे खरं होतं. नमुना म्हणून गिऱ्हाइकानं जी मूर्ती पाठवली होती ती मुळात कुठल्यातरी चिनी घराच्या देव्हाऱ्यातली, जुनी, एकाकडून दुसऱ्याकडे विकली जात सातासमुद्रापार गेलेली. तिच्या पाठीत खण होता, उचकटलेला, रिकामा. तिकडच्या दुकानवाल्या बाईसाहेबांना तो फार आवडला. गुपित खण म्हणे, गिऱ्हाइकं त्यात अंगठ्या ठेवतील. अगदी अशाच हव्यात, तसूभर फरक नको, असं त्यांनी कळवलं. आणि ह्या लोकांची रीतच अशी की नमुन्यात ओरखडा असेल तर तोही कोरून देतील. त्यांनी खण कोरला, झाकण बसवलं, डोळे उघडले. दोनशे वेळा.

"खण कशासाठी असतो ते माहीत आहे का तुला?" शिफूंनी विचारलं. "देवीला त्यात दाणे देतात. डोळे उघडायचे आणि आतून रिकामी ठेवायची, असं करत नाहीत. उघडं घर रिकामं ठेवलं तर त्यात कोण येऊन बसेल सांगता येतं का? परक्याच्या दारात पाठवायची ती भरल्या पोटानं."

"पण तिकडे गेल्यावर जाळतील त्यांना," मी म्हणाले. मला हे बोलायचं नव्हतं, पण दुसरं काही उरलं नव्हतं. "तांदूळ सापडला की भट्टीत घालतील. सगळ्यांना. डोळे उघडे असताना."

लिननं हे त्यांच्या बोलीत सांगितलं. म्हातारबाबांनी हातोडा ह्या हातातून त्या हातात घेतला. बाहेर ट्रकवाला भोंगा वाजवत होता. मगाशी येताना मी त्याला पाहिलं होतं, स्टीअरिंगवर पाय टाकून पाव खात बसलेला.

"काढून टाकलं तरी तेच," शिफू शेवटी म्हणाले. "जिला बसवलं तिच्या पोटातलं ओढून काढायचं. तू करशील? लिन करेल? हात कुणाचा?"

शेडमधले सगळे कारागीर खाली बघत होते. हात कुणाचाच पुढं येणार नव्हता हे मला कळलं. लिन एकटीनं दोनशे मूर्ती फोडल्या असत्या, आणि नंतर त्या घरात तिला राहता आलं नसतं.

आणि मला पेणचा अनंत चतुर्दशीचा दिवस आठवला. कसा आठवला सांगता येत नाही. कापराच्या वासानं असेल.

"शिफू, आमच्याकडेही देव बसवतात," मी म्हणाले. "मातीचा. माझा बाप तेच काम करतो. लोक घरी नेतात, बसवतात, त्याला जेवू घालतात. आणि दिवस भरले की निरोप देतात."

"हाकलून देता?"

"निरोप देतो. त्याच्यावर तांदूळ वाहतो, हेच तांदूळ, कुंकू लावून. हात जोडतो. मग मूर्ती जागेवरून बोटभर हलवायची. तेवढी हलली की आतला देव गेला. मग उरते ती माती. ती पाण्यात सोडली तरी पाप नाही."

"आणि जातो तो? सांगितल्यावर?"

"जातो. दरवर्षी जातो. म्हणून तर दरवर्षी येतो."

शिफू विचार करत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून नाही, पण हातोड्यावरच्या अंगठ्यावरून मला ते दिसत होतं.

"निरोप कोण देतं?"

"ज्यानं बसवलं तो."

ते ऐकून त्यांनी मान हलवली. हो म्हणून नाही, नाही म्हणून. मग बराच वेळ ते त्यांच्या बोलीत काहीतरी बोलले, माझ्याकडे न बघता, खोक्यांकडेही न बघता. मला त्यातला एकच शब्द कळला, 'जेवण'. बोलून झाल्यावर मी लिनकडे पाहिलं. तिनं तोंड फिरवलं.

"काय म्हणाले?"

"काही नाही."

"लिन, वेळ नाही आपल्याला. काय म्हणाले?"

तिनं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. तिच्या नवऱ्याचा फोटो, मी पहिल्या दिवसापासून बघत आलेली. कशानं गेला ते मी कधी विचारलं नव्हतं.

"म्हणाले, मी कुणाला जा म्हणणार नाही. एकदा म्हटलं होतं." तिनं हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. "त्याला कोरीवकाम नको होतं. शहरात बांधकामावर जायचं होतं. जेवायला बसले होते दोघं, त्यावरून जुंपली. हे म्हणाले, जायचं तर जा. तो भरल्या ताटावरून उठला आणि गेला. उपाशी. दीड महिन्यानं परत आली ती त्याची राख. परांची कोसळली म्हणे, चौदाव्या मजल्यावरून."

"परांची?"

"बांधकामाला बाहेरून बांधतात ती. त्याच्यासकट."

ट्रकवाल्यानं पुन्हा भोंगा वाजवला.

"तेव्हापासून ह्या दारातून कुणी रिकाम्या पोटी गेलेलं ह्यांना चालत नाही," लिन म्हणाली. "पोस्टमन असो, ट्रकवाला असो. तुझ्या पिशवीत शेंगा घालतात त्या काय, तू आवडतेस म्हणून? मला वाटलं, लाकडाच्या मूर्तींना तरी हा नियम लागणार नाही. मला कळायला हवं होतं."

मला त्या टाकून दिलेल्या शेंगा आठवल्या. आणि दुसरंही एक आठवलं, जे मी चीनमध्ये आल्यापासून कुणाजवळ काढलं नव्हतं. तिथं, त्या शेडमध्ये, सगळ्यांसमोर ते माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"माझा बापही मला 'जा' म्हणाला," मी म्हणाले. "त्या वर्षी आमच्या बाजारात तुमच्या देशातले गणपती आले होते. मशीनवर केलेले, चकचकीत, आमच्या निम्म्या भावात. आप्पाच्या मूर्ती पडून राहिल्या. आणि मी त्याला सांगितलं की मला चीनमध्ये नोकरी लागली. तो म्हणाला, ज्यांनी आपल्या पोटावर पाय आणला त्यांच्या दारात चाकरीला चाललीस? निघायच्या दिवशी आई दह्याची वाटी घेऊन उभी होती. तो कारखान्यातून आलाच नाही. मीच कारखान्याच्या दारात गेले."

लिन सांगत होती, शिफू ऐकत होते.

"आमच्याकडे घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत. जायचं असलं तरी 'येते' म्हणायचं. आणि घरातलं माणूस म्हणतं, 'ये'. 'जा' म्हणत नाहीत कधीच, अशुभ असतं. मी म्हटलं, येते, आप्पा. त्यानं ब्रश खाली ठेवला नाही. म्हणाला, जा."

मी खोकल्यासारखं केलं. म्हातारबाबांनी लिनला काहीतरी विचारलं.

"विचारतायत, देवालाही तसंच? त्यालाही 'ये' म्हणून पाठवता?"

"देवाला तर ओरडून सांगतो," मी म्हणाले. "रस्त्यानं, गावभर. लवकर ये म्हणून."

शिफूंनी हातोडा जमिनीवर ठेवला.

"ते मला म्हणता येईल," ते म्हणाले.

आणि स्टुलावरून उठले.

त्यानंतर जे झालं ते मी कुठल्या रिपोर्टात लिहिलेलं नाही. कारागिरांनी खोकी फाडली आणि मूर्ती रांगेत मांडल्या. शिफू एकेकीपुढं उभे राहत, दोन बोटांनी तिला आपल्या जागेवरून जराशी सरकवत, तोंडानं पुटपुटत, आणि पुढं जात. ते पुढं गेले की लिन मागून झाकण काढायची आणि दाणे बांबूच्या मोठ्या सुपात ओतायची. मग एकजण कंप्रेसरच्या हवेनं खण झाडायचा, आणि मी टॉर्च लावून एकेक खण बघायचे. एक दाणासुद्धा राहून चालणार नव्हता. फटीत अडकलेला तुकडा दिसला की मी टाचणीनं काढायचे. घाई करा, असं शिफूंना म्हणायची सोय नव्हती. ते पहिल्या मूर्तीपुढं जेवढे थांबले तेवढेच प्रत्येकीपुढं थांबत होते.

फोन वाजत होता. मी तो पिशवीत तळाला घातला. ट्रकवाला आत येऊन लिनवर खेकसला की मी चाललो, दुसरं भाडं आहे मला. लिननं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो तसाच दारात उभा राहिला, रांगेकडे बघत, आणि थोड्या वेळानं त्यानं तोंडातली सिगारेट काढली. मग अस्तन्या वर करून तोही रिकाम्या मूर्ती खोक्यांत भरायला लागला.

शेवटच्या रांगेत मला वाटलं, आता नाही होत. उन्हं कलली होती. एका खणात कोपऱ्यात दोरा चिकटला होता, तो निघेना, माझे हात घामानं निसरडे. लिननं माझ्या हातातून टाचणी घेतली आणि दोरा उपटला. "पुढची," ती म्हणाली. सकाळसारखीच, पण आता माझ्याकडे बघून.

शेवटची होती ती जुनी, नमुन्याची मूर्ती. तीही परत पाठवायची होती. शिफूंनी तिचाही खण भरला होता. तिच्यापुढं ते सगळ्यांत जास्त वेळ उभे राहिले. ती मूळची कुणाच्या घरची, कुणी कधी 'ये' म्हटलं होतं की नाही कुणास ठाऊक. मग त्यांनी तिलाही बोटभर सरकवलं.

मी सही केली, शिक्का मारला, कंटेनरला सील लागलं. ट्रक वळणावरून दिसेनासा झाला तेव्हा मी पायरीवरच बसले. कॉलिनसाहेबांना फोन केला. पास, म्हटलं. ते म्हणाले, एवढा वेळ कशाला लागला? मी म्हटलं, खण साफ करून घेतले. ते खोटं नव्हतं.

मला न्यायला गाडी आली तेव्हा शिफू दाराशी आले. ह्या खेपेला शेंगा नव्हत्या. सुपातले मूठभर तांदूळ त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदात बांधून आणले होते. ते माझ्या हातात ठेवले आणि लिनला काहीतरी विचारलं. लिन हसली. त्या दिवसातलं पहिलंच हसू.

"तुमचा तो शब्द विचारतायत. तुमच्या भाषेतला."

मी सांगितला. त्यांनी ओठ हलवून बघितला, एकदा, दोनदा. आणि मी गाडीत बसले तेव्हा वाकून, खिडकीतून, स्पष्ट म्हणाले, "ये."

कंटेनर सुखरूप पोचला. देव्या जळल्या नाहीत. त्या आता कुणाकुणाच्या टीव्हीशेजारी असतील, पाठीत अंगठ्या घेऊन.

त्या गणपतीला मी रजा काढून घरी गेले. दोनशे मूर्तींमधून एकेक दाणा टाचणीनं उपसणारी मी, वर्तमानपत्रात बांधलेले तांदूळ साडीच्या घडीत लपवून मुंबईच्या विमानतळावरून बाहेर पडले. पकडली असती तर नोकरी गेली असती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, तशी गत. पण टाकून द्यायचे नव्हते, म्हणजे नव्हते.

आप्पा कारखान्यात घरच्या गणपतीचे डोळे आखत होता. मला बघून म्हणाला, "आलीस?" आणि पुन्हा मूर्तीकडे वळला. मी बाजूला बसून सगळं सांगितलं, टिचकीपासून शेवटच्या मूर्तीपर्यंत. तो 'जा' मात्र मी गाळला. आप्पा डोळे आखत राहिला. आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलेला माणूस की बाबांनो, माझ्याकडे आहे तोवर माती आहे, माती, देव तुमच्या घरी.

माझं संपल्यावर त्यानं ब्रश पाण्यात ठेवला. कागदाची पुडी उघडली, एक दाणा दाताखाली धरला, चावला. मग घरचा गणपती हळूच आडवा केला, खालच्या पोकळीत ते तांदूळ ओतले, आणि वर शाडूचा गोळा दाबून अंगठ्यानं सारखा केला.

"परक्याचं अन्न ना, आप्पा," मी म्हणाले, चेष्टेनं.

"परक्याचं कसं? तुझ्या हातून आलंय," तो म्हणाला.

विसर्जन झालं, माझी रजा संपली. आईनं हातावर दही घातलं. आप्पा कारखान्यातच होता, मला वाटलं, ह्याही वेळी येणार नाही. पण मी पायरी उतरले तेव्हा तो बाहेर आला, कोपरापर्यंत माती लागलेली, हात अंगापासून लांब धरून.

"येते, आप्पा," मी म्हणाले.

त्यानं माझ्या मागच्या रस्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ये," तो म्हणाला. "ये गो. लवकर ये."